फॅन्टसी रोल-प्लेइंग खेळासाठी धड सज्जन ना धड दुर्जन असे पात्र कसे घडवावे?

तळघरवासी

नमस्कार. आमचा पाच जणांचा गट डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी एडिशन ऑनलाइन खेळतो. नियमांतील संज्ञा सोडल्या तर आमचे सगळे बोलणे, अगदी पात्रांचे संवादही, मराठीतच चालतात. कॅम्पेन (आमची सलग चालणारी कथा) एका बंदराच्या शहरात घडते. तिथला राजा नावापुरता असून खरा कारभार नगररक्षकांचा कोतवाल आणि व्यापाऱ्यांचे मंडळ यांच्या हाती आहे. माझे पात्र मोरेक नावाचा एक बार्ड (गायक-जादूगार) आहे. त्याने तरुणपणी आपल्या गुरूला रक्षकांच्या हवाली करून स्वतःचा जीव वाचवला, अशी त्याची बॅकस्टोरी आहे. पात्राच्या शीटवर अलाइनमेंटच्या (नैतिक कल सांगणाऱ्या) रकान्यात मी ‘केऑटिक न्यूट्रल’ (बंधने न मानणारा, पण ना चांगला ना वाईट) असे लिहिले आहे.

अडचण अशी की, प्रत्यक्ष खेळताना या भूतकाळाचा मागमूसही राहत नाही. एखाद्या सेशनमध्ये मोरेक सोबत्यांच्याच थैलीत हात घालणारा उडाणटप्पू असतो, तर पुढच्या सेशनमध्ये रस्त्यावरच्या पोरांसाठी पदरचे पैसे मोडणारा दयाळू माणूस. आमच्या डीएम (खेळ चालवणाऱ्या) परवा म्हणाल्या की, हे पात्र संदिग्ध नाही, ते नुसते लहरी आहे. मला असे पात्र हवे आहे, ज्याचे वागणे पाहून टेबलावरच्या दोघांना ते योग्य वाटेल, दोघांना अयोग्य वाटेल आणि तरीही चौघांनाही ते समजेल. हे कागदावर कसे उभे करावे, नियमांची त्यात काही मदत होते का, आणि अशा पात्रामुळे पार्टीच (पात्रांचा गटच) फुटू नये म्हणून काय करावे, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

वीसपैलू

तुमच्या डीएमनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. थोडा चांगुलपणा आणि थोडा वाईटपणा एकत्र कालवला की संदिग्ध पात्र तयार होते, हा समज फार पसरलेला आहे, आणि त्याला बऱ्याच अंशी अलाइनमेंटचा रकाना जबाबदार आहे.

या रकान्याचा इतिहास पाहिला तर तो मुळात माणसाचे मन मोजण्यासाठी नव्हताच. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ 1974 साली आला, तेव्हा त्यात लॉ, न्यूट्रॅलिटी आणि केऑस (व्यवस्था, तटस्थता आणि अराजक) असे तीनच प्रकार होते. खेळाचा उगम लुटुपुटीच्या युद्धखेळांतून झालेला असल्यामुळे तुमचे पात्र कोणत्या बाजूच्या सैन्यात उभे राहील, एवढेच ते तीन शब्द प्रामुख्याने सांगत. या तिघांना गुड, न्यूट्रल आणि ईव्हल यांची जोड देणारा नऊ घरांचा सुप्रसिद्ध तक्ता 1978 च्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ नियमपुस्तकात खेळाडूंच्या हाती आला. 2008 च्या चौथ्या एडिशनने त्यातील चार घरे काढून टाकली आणि 2014 च्या पाचव्या एडिशनने नऊ घरे परत आणली खरी, पण त्यांच्यावर जवळजवळ कोणताच नियम टांगलेला ठेवला नाही. तुमच्या गटात पॅलाडिन (धर्मव्रती योद्धा) असेल तर हे लगेच लक्षात येईल. त्याची ‘डिव्हाइन सेन्स’ ही शक्ती देवदूत, सैतान आणि मेलेले-पण-चालते जीव ओळखते, मात्र समोर बसलेला सावकार गावाचे रक्त शोषणारा असला तरी त्याच्याबाबत ती मुकी राहते. माणसाच्या नीतीचा निवाडा नियमांनी हळूहळू आपल्या अंगावरून काढून टेबलाकडे सोपवला आहे, आणि मला ते योग्यच वाटते.

तेव्हा तो रकाना कोरा ठेवला तरी चालेल. त्याऐवजी मोरेकच्या अंगावर अशी दोन देणी टाका, जी दोन्ही खरी आहेत आणि दोन्ही एकाच वेळी फेडता येत नाहीत. गुरूचा घात ही घडून गेलेली गोष्ट आहे. तिच्याबद्दल मोरेकला फार तर वाईट वाटू शकते, आणि वाईट वाटणे ही टेबलावर खेळता येण्याजोगी कृती नव्हे. तो घात अजून चालूच आहे असे केले तर?

समजा, गुरूला पकडून दिल्यावर कोतवालाने मोरेकला सोडले नाही, नोकरीला ठेवले. बार्ड खानावळींतून गातो, लोक प्यायल्यावर त्याच्यासमोर मोकळेपणाने बोलतात, यापरता उत्तम खबऱ्या कुठे मिळणार? बदल्यात मोरेकची धाकटी बहीण, जिच्यावर गुरूच्याच कटात सामील असल्याचा आरोप आहे, ती कोठडीबाहेर राहते. अट एवढीच की, दर पौर्णिमेला मोरेकने एक नाव द्यायचे. सुरुवातीला हे सोपे होते. त्याने गुलामांचा व्यापार करणारा एक तांडेल दिला, मग विषारी दारू विकणारा कलाल दिला, आणि आपण शहराची घाणच साफ करत आहोत असे स्वतःला समजावले. आता अडचण अशी आहे की, खरोखर वाईट माणसांची नावे संपत आली आहेत. पुढच्या पौर्णिमेला जे नाव द्यावे लागेल ते बंदरावरच्या हमालांना संप करायला शिकवणाऱ्या म्हाताऱ्याचे, किंवा पार्टीला आसरा देणाऱ्या खानावळवालीचे.

या मांडणीत मोरेकच्या स्वभावाबद्दल मी एकही विशेषण वापरलेले नाही. तो प्रेमळ आहे की भेकड, हे शीटवर लिहिण्याची गरज उरत नाही. तुमच्या डीएमनी प्रत्येक पौर्णिमेला एवढेच विचारायचे आहे, “नाव कोणाचे?” उत्तर दिले की टेबलावरचे सगळे आपापले मत बनवतील, आणि ती मते जुळणार नाहीत.

आणखी एक सूचना, मोरेकला एक अशी गोष्ट द्या जी तो कधीच करणार नाही. उदाहरणार्थ, तो लहान मुलाच्या तोंडून काढलेली माहिती वापरणार नाही. ज्या माणसाला कसलीच मर्यादा नाही त्याच्याविषयी प्रश्न पडत नाहीत, त्याच्यापासून फक्त सावध राहावे लागते. मर्यादा असली की ती ओलांडायची वेळ कधी येते, याची वाट टेबल पाहू लागते.

सायंतारा

वीसपैलू यांनी पात्र छान उभे केले आहे, परंतु सगळे टेबलावर सोपवा आणि नियमांकडून काही अपेक्षा ठेवू नका, हा त्यांचा सूर मला मान्य नाही. प्रत्येक निर्णय खेळाडूच्या हाती राहिला की खेळाडू स्वतःला शोभेल असाच निर्णय घेतो. चांगल्या घरातला, पोटभर जेवून खुर्चीत बसलेला माणूस आपल्या पात्राला ऐन वेळी उदार बनवतो, कारण उदारपणाची किंमत त्याला स्वतःला मोजायची नसते. पात्राने कधीतरी खेळाडूच्या मनाविरुद्ध वागले पाहिजे, आणि त्यासाठी फासेच लागतात.

ग्रेग स्टॅफर्ड यांच्या 1985 च्या ‘पेंड्रॅगन’ या खेळात याची अतिशय सुबक व्यवस्था आहे. आर्थर राजाच्या सरदारांचा हा खेळ असून त्यात प्रत्येक पात्राला स्वभावगुणांच्या तेरा जोड्या असतात: दयाळू-क्रूर, प्रामाणिक-कपटी, विश्वासू-संशयी, क्षमाशील-सूडबुद्धीचा अशा. प्रत्येक जोडीची बेरीज वीस असते. एक गुण वाढला की समोरचा तेवढाच घटतो. पेच आला की वीस पैलूंचा फासा टाकायचा, आकडा गुणाइतका किंवा त्याहून कमी आला तर पात्र त्या गुणाप्रमाणे वागते, चुकला तर विरुद्ध गुणावर फासा टाकायचा, आणि दोन्ही चुकले तर मात्र खेळाडूने मनाला येईल ते करावे. एखादा गुण सोळा किंवा त्याहून अधिक असेल तर त्याची ख्याती पसरलेली असते आणि खेळ चालवणारा फासा टाकायला भागच पाडू शकतो.

पाचव्या एडिशनमध्ये हे सगळे आणण्याची आवश्यकता नाही. मोरेकपुरत्या दोनच जोड्या घ्या: निष्ठावान-स्वार्थी आणि धीट-भित्रा. निष्ठा अकरा, स्वार्थ नऊ. धैर्य आठ, भीती बारा. कोतवाल समोर उभा राहून आवाज चढवतो त्या क्षणी धैर्यावर फासा टाका. मोरेकने खानावळवालीचे नाव घ्यायचे नाही असे तुम्ही घरून ठरवून आला असाल, आणि तरीही त्याच्या तोंडून ते निघून जाईल. त्यानंतर तुम्हाला जे वाटेल ते नुसत्या बॅकस्टोरीतून कधीच वाटणार नाही.

हे रोज करू नये. प्रत्येक क्षुल्लक प्रसंगी फासे टाकले तर पात्र कळसूत्री होते. जिथे खेळाडूला उत्तर आधीच ठाऊक आहे आणि पात्राला ते ठाऊक असण्याचे कारण नाही, तेवढ्याच ठिकाणी टाकावेत.

गंजलेली_तलवार

थोडा वेगळा सूर लावतो. हल्ली प्रत्येकालाच काळ्या-पांढऱ्याच्या मधले पात्र हवे असते. पाच जणांच्या पार्टीत पाचही जण काळ्या झग्यात, कोपऱ्यातल्या टेबलावर, भूतकाळ दडवून बसलेले असले तर कोणाचेच वेगळेपण उरत नाही. निदान एक तरी खेळाडू सरळमार्गी असू द्या. मोरेकचे दुटप्पीपण दिसायला समोर असा माणूस लागतो, ज्याला त्याची लाज वाटेल.

पडद्याआडून

गंजलेली_तलवार यांच्याशी पूर्ण सहमत. मी अनेक वर्षे डीएमच्या खुर्चीतूनच खेळते आहे, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नाबद्दल, म्हणजे पार्टी फुटण्याबद्दल लिहिते.

पार्टी फुटते ती पात्राच्या दुष्टपणामुळे नव्हे. ती फुटते खेळाडूंपासून लपवलेल्या गोष्टींमुळे. मोरेक खबऱ्या आहे हे बाकीच्या पात्रांना कळता कामा नये, पण ते खेळवणाऱ्या मित्रांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असावे. सेशन झीरो, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीची ठरवाठरवीची बैठक, त्यासाठीच असते. “माझे पात्र असे आहे, ते तुमच्या पात्रांशी खोटे बोलेल, त्यातला कोणता भाग तुम्हाला चालेल आणि कोणता नाही?” असे सरळ विचारावे. हे सांगितल्याने रहस्याची मजा जाईल अशी भीती अनेकांना वाटते. माझा अनुभव उलट आहे. खेळाडूंना सत्य ठाऊक असले की तेच आपल्या पात्रांना मुद्दाम मोरेकच्या जाळ्यात नेऊन बसवतात, एखादी पॅलाडिन त्याला भोळेपणाने आपले सर्वांत मोठे गुपित सांगते, आणि टेबलावरचे सगळे कपाळावर हात मारून घेतात. नाटकात प्रेक्षकाला ठाऊक असते आणि पात्राला नसते, तेव्हाच रंगत येते. इथे तर प्रेक्षक आणि नट एकच आहेत.

सोबत्यांच्या थैलीतून चोरी मात्र पूर्ण बंद करा. “माझे पात्र असेच वागले असते” हे वाक्य ऐकले की मी खेळ थांबवते आणि विचारते की, ते पात्र निर्माण कोणी केले? पात्राच्या आड लपून मित्राला त्रास देणे याला संदिग्धता म्हणत नाहीत. एखादा प्रसंग कोणाला झेपेनासा झाला तर शांतपणे पुढे सरकता यावे म्हणून आमच्या टेबलावर एक्स कार्ड असते. ज्याला नको त्याने कार्डाला हात लावायचा, कारण विचारले जात नाही, प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचे. कोठडीतील छळ, ओलीस धरलेली बहीण असे विषय तुमच्या कथेत येणारच आहेत, म्हणून हे आधीच ठरवून ठेवलेले बरे. ऑनलाइन खेळताना चॅटमध्ये नुसते ‘एक्स’ लिहिले तरी भागते.

आता तुमच्या डीएमसाठी एक गोष्ट, तुम्ही त्यांना हा धागा दाखवालच म्हणून. परिणाम ताबडतोब दाखवू नयेत. 2007 साली आलेल्या ‘द विचर’ या संगणकीय खेळाने हे उत्तम साधले होते. नदीकाठच्या मालाच्या पेट्या बंडखोर एल्फांना नेऊ द्यायच्या की त्यांच्याशी लढायचे, असा एक साधासा वाटणारा निर्णय त्यात सुरुवातीलाच येतो, आणि त्या निर्णयाची फळे पुढे शहरात गेल्यावर, मधे बराच खेळ उलटून गेल्यानंतर दिसतात. तोवर मागे जाऊन निवड बदलण्याची इच्छाही उरत नाही आणि सोयही. टेबलावरही हेच करावे. मोरेकने हमालांच्या म्हाताऱ्याचे नाव दिले त्या रात्री काहीही घडू नये. पाच-सहा सेशननंतर पार्टीला पळून जायला गलबत हवे असेल, तेव्हा धक्क्यावर एकही हमाल दोर सोडायला पुढे येऊ नये. का, ते कोणी सांगूही नये. मोरेकला कळेल.

पोथीवाचक

धागा वाचून द्रोणपर्व आठवले, आणि ते इथे अस्थानी ठरणार नाही असे वाटते.

द्रोणांना शस्त्र खाली ठेवायला लावण्यासाठी अश्वत्थामा मेल्याची हूल उठवावी, अशी युक्ती कृष्ण सुचवतो. त्या वेळी महाभारतकार एक विलक्षण नोंद करतात. अर्जुनाला हा बेत रुचला नाही, इतर सगळ्यांना रुचला, आणि युधिष्ठिराने तो मोठ्या कष्टाने मान्य केला. एकच पार्टी, एकच बेत, एकच शत्रू, आणि तरी तीन वेगळ्या प्रतिक्रिया. भीम लगेच जाऊन अश्वत्थामा नावाचा हत्ती मारून येतो, म्हणजे खोटे बोलण्यासाठी तांत्रिक आधार तयार करतो. कोणत्याही टेबलावर असा एक खेळाडू असतोच.

पुढचा भाग नियमांच्या चर्चेत महत्त्वाचा आहे. युधिष्ठिराचा रथ सत्याच्या बळावर भूमीपासून चार अंगुळे वर चालत असे. त्याने अश्वत्थामा मेला असे स्पष्टपणे आणि ‘हत्ती’ हा शब्द अस्पष्टपणे उच्चारला, आणि रथ जमिनीला टेकला. आता याच्या शेजारी 1978 च्या नियमपुस्तकातील पॅलाडिन ठेवून पाहा. त्याने जाणूनबुजून दुष्ट कृत्य केले तर त्याचे पॅलाडिनपण तत्क्षणी आणि कायमचे जाई. नियमभंग केऑटिक स्वरूपाचा असेल तर सातव्या किंवा त्यावरच्या लेव्हलच्या लॉफुल गुड क्लेरिकपुढे (पुरोहितापुढे) कबुली देऊन प्रायश्चित्त घ्यावे लागे. वरवर दोन्ही सारखेच दिसते, पण मला फरक मोठा वाटतो. पॅलाडिनच्या नियमात कृत्य केले की सगळे गमावले, त्यामुळे शहाणा खेळाडू ते कृत्य करतच नाही आणि संदिग्धतेला जागाच राहत नाही. युधिष्ठिराचा रथ मात्र टेकला तरी चालत राहिला. द्रोण पडले आणि युद्ध जिंकले गेले, म्हणजे युक्ती सफल झाली. गेली ती फक्त चार अंगुळे, आणि ती परत आली नाहीत. शिवाय उरलेला हिशेब पार स्वर्गारोहणपर्वात चुकता होतो, जिथे याच कपटामुळे त्याला नरकाचे दर्शन घ्यावे लागते. पडद्याआडून ताई ज्याला उशिरा आलेला परिणाम म्हणतात त्याचे याहून लांबलेले उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नाही.

म्हणून मोरेकने नाव दिले की त्याला शिक्षा करू नका, त्याचे काम होऊ द्या. बहीण सुरक्षित राहू द्या, कोतवालाला खूश होऊ द्या, थैलीत मोहरा पडू द्या. त्याच वेळी एखादी अगदी लहान, पण त्याला प्रिय असलेली गोष्ट कायमची काढून घ्या. बार्डच आहे, तर गुरूने शिकवलेली एक चीज त्याला आता सुरात गाता येत नाही असे करा. त्या चिजेवर कुठलेही स्पेल अवलंबून नसावे, म्हणजे शीटवरच्या आकड्यांत काहीच बदलणार नाही आणि खेळाडूला नुकसान भरून काढण्याचा मार्गही सापडणार नाही.

तळघरवासी

सर्वांचे मनापासून आभार. डीएमना धागा दाखवला. त्यांनी पौर्णिमेचा करार जसाच्या तसा उचलला आहे आणि सेशन झीरो नव्याने घ्यायचे ठरले आहे. आमच्या गटात तांबूस केसांची एक सरळमार्गी पॅलाडिन आहेच, त्यामुळे गंजलेली_तलवार यांची अटही पूर्ण होते.

सायंतारा यांच्या जोड्यांपैकी मी धीट-भित्रा ही एकच घेणार आहे. निष्ठा कोणाशी ठेवायची, हा निर्णय फाशावर सोडायला मन धजावत नाही. एक शंका मात्र उरते. बहीण ही निव्वळ ओलीस राहिली तर मोरेकच्या प्रत्येक कृत्याला ती आयती सबब होणार नाही का? “बहिणीसाठी केले” असे म्हटले की चर्चा संपते.

सायंतारा

निष्ठेबद्दलचा आक्षेप समजू शकते. तरी एकदा करून पाहा, एवढेच म्हणेन.

वीसपैलू

शंका रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे बहिणीला डीएमच्या हातातले बाहुले न ठेवता स्वतःचे मत असलेली एनपीसी (डीएम चालवतात असे पात्र) करावी. तिला कराराविषयी सगळे ठाऊक असू द्या. तिने मोरेकला स्पष्ट सांगितलेले असू द्या की, माझ्या नावावर हे करू नकोस, मला कोठडी पत्करेल. शक्य असेल तर ती हमालांच्या संघटनेसाठी पत्रके लिहिते असे करा, म्हणजे मोरेक जी माहिती कोतवालाला पुरवतो त्यातली बरीच त्याच्याच घरात तयार होते. मग “बहिणीसाठी केले” हे वाक्य त्याला तिच्या तोंडावर बोलता येणार नाही, आणि त्याला खरोखर बहीण वाचवायची आहे की रक्षकांपासून मिळणारे संरक्षण हवे आहे, हे तुम्हालाही खेळता खेळताच ठरवावे लागेल.

पहिला प्रसंग मी तिच्यासोबतच घेईन. पौर्णिमेला दोन दिवस बाकी, ती दिव्याखाली पत्रक लिहीत बसलेली, आणि मोरेकने दारातून विचारायचे की, उद्याच्या सभेला कोण कोण येणार आहे. हा प्रश्न तो भाऊ म्हणून विचारतो की खबऱ्या म्हणून, हे तुमच्या डीएमनी तुम्हाला विचारू नये.